भावगीतांच्या जुन्या तबकड्यांचं रीमास्टरिंग: प्रकल्प नोंदी

१६ जानेवारी २०२५ : हाती काय आहे

एकूण १६ भावगीतं घेतली आहेत, सगळी १९६४ किंवा त्याआधी बाजारात आलेली. ही मर्यादा आवडीनिवडीची नाही, कायद्याची आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६४ची तबकडी ३१ डिसेंबर २०२४ला मोकळी झाली. शब्द आणि चाल यांचं गणित निराळं. तिथे कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मोजायची. त्यामुळे तबकडी मोकळी झाली तरी कविता आणि चाल बहुतेक वेळा हक्कातच असतात. वारसांची लेखी परवानगी आल्याशिवाय गाणं बाहेर जाणार नाही. तक्त्यात परवानगीचा रकाना पहिला, ध्वनीचे सगळे रकाने त्यानंतर.

माल तीन प्रकारचा आहे: लाखेच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या (काही गाण्यांच्या दोन-तीन प्रती), सात इंची ईपी (व्हायनिलच्या, ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या), आणि चार गाण्यांची पाव इंची टेप. मल्टिट्रॅक एकाही गाण्याचं नाही, असण्याचा प्रश्नही नाही. गायक, पेटी, तबला, व्हायोलिन, बासरी, सगळे एकाच वेळी वाजले आणि एकाच मोनो ट्रॅकवर उतरले. तेव्हा हे काम रीमास्टरिंगचं, म्हणजे तयार मिश्रणाच्या दुरुस्तीचं आहे. रीमिक्स, म्हणजे नव्याने मिश्रण, करायचंच तर यंत्राकडून आवाज सुटे करून घ्यावे लागतील. तो विषय मे महिन्यात.

टेप खरंच मास्टरच्या जवळची आहे की कुणी तबकडीवरूनच भरून घेतली आहे, हे आधी तपासलं. युक्ती सोपी आहे. ७८च्या तबकडीचा एक फेरा ०.७७ सेकंदात होतो, ४५च्या ईपीचा १.३३ सेकंदात. टेपवर बारीक टिकटिक बरोबर याच अंतराने येत असेल, तर ती तबकडीची नक्कल आहे आणि तिच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. चारपैकी एका गाण्यात ०.७७ची टिकटिक स्पष्ट सापडली. ते गाणं तबकडीवरूनच घ्यायचं.

२४ जानेवारी २०२५ : धुलाई

लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, खाचांची वरची झिलई जाते आणि मग कायमची खरखर बसते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच 'रेकॉर्ड क्लीनर'मध्ये आयसोप्रोपिल असतं. ते व्हायनिलच्या ईपीला चालतं, ७८ला नाही.

आपली पद्धत: डिस्टिल्ड पाणी अर्धा लिटर, त्यात फोटो धुण्याच्या वेटिंग एजंटचे (पाणी नीट पसरवणाऱ्या द्रवाचे) चार-पाच थेंब. मऊ केसांचा ब्रश, खाचांच्या दिशेनेच, आडवा कधीच नाही. लेबल कोरडं ठेवायचं, शाई पाण्यात उतरते. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसरा हात, आणि रॅकवर उभी वाळवायची. उन्हात नाही, हेअर ड्रायरखाली तर नाहीच. लाख गरम झाली की तबकडी वाकते.

कोकणातून आलेल्या तबकड्यांवर पांढरी बुरशी आहे. बुरशी नुसती पुसली की ती खाचेत दाबली जाते. आधी दहा मिनिटं पाणी मुरू द्यायचं, मग ब्रश. बुरशीने जिथे लाख खाल्ली आहे तिथे बारीक खड्डे राहतात आणि ते धुऊन जात नाहीत. अशी तबकडी 'दुसरी प्रत शोधा' या खणात ठेवली.

५ फेब्रुवारी २०२५ : सुई

या कामात सगळ्यात जास्त फरक सुईने पडतो. सॉफ्टवेअर त्यानंतर.

ईपीच्या बारीक खाचेसाठी लागणारी सुई ०.७ ते १ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तीच सुई ७८वर टेकवली तर ती रुंद खाचेच्या तळाशी जाऊन लोळते. तळात जुन्या पोलादी सुयांनी कुटलेला चुरा साचलेला असतो. ऐकू येतं ते गाणं कमी, चुरा जास्त. ७८ला ३ मिलच्या आसपासची सुई हवी. तिथेही एकाच मापावर थांबायचं नाही. २.३, २.८ आणि ३.३ अशा तीन सुया ठेवल्या, टोक छाटलेल्या, म्हणजे तळाला न टेकणाऱ्या. प्रत्येक तबकडीचा एकच अर्धा मिनिट तिन्ही सुयांनी घेतला. जाड सुई खाचेत वर बसते, बारीक सुई खाली. घरोघरच्या ग्रामोफोनच्या सुयांनी भिंतीचा जो पट्टा झिजवला आहे, तो टाळून वरचा किंवा खालचा शाबूत पट्टा सापडला की आवाज एकदम उघडतो. बऱ्याच तबकड्यांवर ३.३ने जोरदार ठिकाणची फाटकी किनार जवळजवळ गेली. एका तबकडीवर मात्र २.३ चांगली ठरली. नियम नाही, तबकडीगणिक बघायचं. भार चार ग्रॅमच्या आसपास. हलका भार ठेवण्याचा मोह होतो, पण हलकी सुई वाकड्या तबकडीवर खाचेत उडत राहते आणि त्यानेच जास्त झीज होते.

तबकडी मोनो असली तरी कार्ट्रिज (सुईची हालचाल विजेत बदलणारा भाग) स्टिरिओ वापरलं आणि दोन्ही वाहिन्या वेगळ्या नोंदवल्या. कारण खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजलेल्या नसतात. कधी नुसती डावी भिंत दोन्हींच्या बेरजेपेक्षा स्वच्छ निघते. जोडणी नीट आहे का हे बघायला एक वाहिनी उलटी करून दुसरीत मिळवायची. गाणं नाहीसं होऊन नुसती घरघर उरली पाहिजे. गायकाचा आवाज अजून ऐकू येत असेल तर कार्ट्रिज तिरकं बसलं आहे किंवा वाहिन्यांची पातळी जुळत नाही.

नोंदणी २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ, फोनो प्रीअँपचा आरआयएए वक्र (तबकडी कापताना दाबलेले खालचे आणि चढवलेले वरचे सूर मूळपदावर आणणारी सुधारणा) न लावता, सपाट. कारण पुढे येतं.

११ फेब्रुवारी २०२५ : वेग आणि पट्टी

'७८' हा आकडा सोयीचा आहे. ५० हर्ट्‌झच्या विजेवर ७७ रेघांचं स्ट्रोबोस्कोप (वेग तपासायची चकती) स्थिर दिसतं तेव्हा वेग ७७.९२ असतो. ६० हर्ट्‌झच्या देशांत ९२ रेघांनी ७८.२६ मिळतो. दोन्हींत फरक साडेसात सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या तेराव्या भागाइतका. त्यावर वाद घालायची गरज नाही. खरी अडचण मोठ्या फरकांची. काही तबकड्या कापतानाच वेग ७६ किंवा ८०च्या जवळ होता.

गाणं क्र. ४ ७७.९२वर वाजवलं की पट्टी काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या जवळजवळ मध्ये येते. पेटी असल्या अधल्यामधल्या पट्टीत लावलेली नसणार. वेग ७५.८ केला तर काळी दोन, ८०.३ केला तर पांढरी तीन. दोन्ही शक्य आहेत. इथे तबकडीची उलट बाजू कामाला आली. मॅट्रिक्स क्रमांक (खाचेशेजारी कोरलेले) लागोपाठचे आहेत, म्हणजे बहुधा एकाच बैठकीत आणि त्याच पेटीवर वाजलेलं. उलट बाजू ७७.९२वर स्वच्छ काळी दोनमध्ये बसते. तेव्हा क्र. ४ही काळी दोन धरून ७५.८वर घेतलं. आवाजातला कंप आणि 'आ'काराचा रुंदपणा त्या वेगाला नैसर्गिक वाटतो. ८०.३वर गायिका सहा-सात वर्षांनी लहान झाली.

पेटी ४४० हर्ट्‌झच्या 'ए'ला तंतोतंत लावलेली असेल असं धरून चालू नये. जुन्या पेट्या दहा-पंधरा सेंट इकडेतिकडे सहज असतात. ट्यूनरवर शून्य आणण्यासाठी वेग हलवला तर गाणी ट्यूनरला जुळतील, पण एकाच बैठकीतली दोन गाणी एकमेकांपासून दूर जातील.

मुद्रणात शिरलेली विजेची गुणगुण हाही एक पुरावा असतो. आपल्या यंत्राची गुणगुण वेग बदलला तरी ५०वरच राहते, तबकडीतली सरकते. म्हणून दोन वेगांवर वाजवून सरकणारी रेघ शोधायची. पण त्या काळी ग्रिडची वारंवारता आजच्याइतकी स्थिर नव्हती, तेव्हा हा पुरावा ढोबळ. पट्टीच्या अंदाजाला दुजोरा देण्यापुरता.

२० फेब्रुवारी २०२५ : भोक मध्यावर नसणं

दोन ईपींत पेटीचा लांब सूर हेलकावे खातो. सेकंदाला ०.७५ हेलकावे, म्हणजे फेऱ्याला एक, म्हणजे भोक मध्यावर नाही. हिशोब असा: भोक १ मिलिमीटर सरकलेलं असेल तर १०० मिलिमीटर त्रिज्येवर वेग अधिक-उणे १ टक्का हलतो, सुमारे १७ सेंट. आत ५५ मिलिमीटरवर तोच दोष १.८ टक्के होतो, ३१ सेंट. ईपीची सगळी खाच तशी मध्याजवळच असते, म्हणून तिला हा त्रास जास्त. आणि शेवटच्या अंतऱ्यातला हेलकावा पहिल्यापेक्षा वाईट का, तेही यातच आलं.

मोठ्या भोकाची ईपी अडॅप्टर काढून नुसती मॅटवर ठेवली आणि टोनआर्मचं (सुईच्या दांड्याचं) डोकं डावी-उजवीकडे झुलायचं थांबेपर्यंत हाताने सरकवली. दुसरीचं भोक लहान आहे. ते कानशीने मोठं करणारे लोक आहेत. आपण करायचं नाही, प्रत दुसऱ्याची आहे. ती सॉफ्टवेअरमध्ये सरळ केली. आधी फेऱ्याच्या वारंवारतेचा साइन वक्र काढून त्याच्या उलट वेग दिला. आपोआप सूर ओळखून हेलकावा काढणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण ती गायकाची मिंडसुद्धा (सुरावरून सुरावर घसरत जाणं) दोष समजून सपाट करतात. भावगीतात ते परवडणार नाही.

४ मार्च २०२५ : टेप

उजेडासमोर रीळ धरलं तर आरपार उजेड दिसतो, म्हणजे ॲसिटेट. व्हिनेगरचा वास (ॲसिटेट कुजू लागलं की येतो तो) नाही, हे नशीब. ॲसिटेटची टेप भट्टीत भाजायची नाही. ५४ अंशांवर काही तास भाजण्याचा उपाय सत्तरीनंतरच्या, बाइंडर चिकट होणाऱ्या पॉलिस्टर टेपांसाठी आहे. ॲसिटेट त्याने आणखी सुकते आणि तुटते. तुटते तेव्हा मात्र सरळ तुटते, पॉलिस्टरसारखी ताणली जात नाही, त्यामुळे जोडता येते. जुने सांधे सगळे सुटले होते. गोंद खरवडून नव्या स्प्लायसिंग टेपने ४५ अंशांत जोडले. वेगाने गुंडाळणं बंद, सगळं वाजवण्याच्या वेगातच.

टेप सेकंदाला साडेसात इंचांची, पूर्ण रुंदीवर एकच मोनो ट्रॅक. आपल्या मशीनचं हेड दोन ट्रॅकचं. दोन्ही ट्रॅक वाचून बेरीज केली तर हिस (टेपची सळसळ) ३ डीबीने उतरते, पण त्यासाठी ॲझिमथ (हेडचा टेपशी काटकोन) अचूक पाहिजे. दोन ट्रॅकच्या मध्यांत सुमारे ४ मिलिमीटर अंतर आहे. हेड फक्त ०.१ अंश तिरकं असेल तर एक ट्रॅक ७ मायक्रॉनने मागे पडतो. या वेगात १० किलोहर्ट्‌झची तरंगलांबी १९ मायक्रॉन. म्हणजे बेरजेत १० किलोहर्ट्‌झला जवळजवळ ८ डीबी गेले. 'जुनी टेप म्हणून आवाज बोदा आहे' असं ज्या प्रतींबद्दल म्हटलं जातं, त्यांतल्या अनेकांचा रोग हाच असतो. टेपवर चाचणीचे सूर नाहीत, म्हणून नुसत्या हिसवर, मोनो बेरीज ऐकत, स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवून सगळ्यात चमकदार जागा शोधली आणि फेज मीटरवर ताडून पाहिली. प्रत्येक सांध्यानंतर पुन्हा बघावं लागलं. तिसरं गाणं वेगळ्या मशीनवर भरलेलं दिसतं.

टेप भरतानाचा वक्र कुठल्या मानकाचा, एनएबी की आयईसी? टेपच्या डबीवर काही लिहिलेलं नाही. एनएबीची टेप आयईसीवर वाजवली तर वर जवळजवळ ३ डीबी जास्त आणि ५० हर्ट्‌झलाही ३ डीबी जास्त, म्हणजे डग्गा फुगलेला आणि 'स' टोचणारा. उलट केलं तर दोन्ही टोकं दबतात. एका गाण्याची तबकडीही आहे. तिच्याशी ताडून आयईसी ठरवलं.

७ मार्च २०२५

टेपच्या तिसऱ्या गाण्यात मुखडा सुरू व्हायच्या आधी तोच मुखडा पुसट ऐकू येतो. शेजारच्या थरावरून उमटलेला आहे. वाजवण्याआधी टेप दोन-तीनदा सावकाश इकडून तिकडे गुंडाळली तर तो बराच उतरतो, तेवढं केलं. उरलेला हाताने कापला आणि तिथे त्याच टेपवरची कोरी हिस बसवली. पूर्ण शांतता ठेवली असती तर गाणं सुरू होताना हिसचा पडदा उघडल्यासारखं वाटलं असतं. यापुढे रीळ शेवट बाहेर ठेवून साठवायचं, म्हणजे प्रतिध्वनी आधी न येता नंतर येईल आणि गाण्यातच झाकला जाईल.

१९ मार्च २०२५ : टिकटिक काढणं

सपाट नोंदणी का केली त्याचं उत्तर इथे आहे. टिकटिक म्हणजे एक-दोन मिलिसेकंदांचा, कधी त्याहून लहान, तीक्ष्ण काटा. तो सपाट नोंदणीत सगळ्यात टोकदार असतो, म्हणून यंत्राला ओळखता येतो. आरआयएएचा वक्र आधी लावला की काटा बोथट होऊन पसरतो आणि संगीतात मिसळतो. म्हणून क्रम ठरला: डाव्या-उजव्या भिंतीवर वेगवेगळं डीक्लिक (यंत्राने टिकटिक काढणं), मग वक्र, मग बेरीज किंवा एकच भिंत, मग बारीक खरखर.

डीक्लिकची संवेदनशीलता ठरवताना निकाल ऐकून उपयोग नाही. काढून टाकलेलं तेवढंच ऐकायचं. क्र. ७मध्ये नेहमीच्या मध्यम सेटिंगवर निकाल छान स्वच्छ वाटत होता. काढलेला भाग ऐकला तर त्यात टिकटिकीबरोबर अख्खा केरवा वाजतोय! चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) प्रत्येक 'ना', टाळाचा प्रत्येक ठोका. यंत्राला चाटेचा 'ना' म्हणजे टिकटिकच वाटते, दोन्हींची सुरुवात सारखीच तीक्ष्ण. निकालात तबला ऐकू येतो खरा, पण बोट पडल्याचा क्षण गेलेला असतो, नुसता घुमारा उरतो. ठेका मागे पडल्यासारखा वाटतो आणि गायकच ढिला गातोय असा भास होतो.

उपाय कष्टाचा आहे. ठेका नसलेल्या जागी (सुरुवातीचा आलाप, बासरीचे तुकडे) संवेदनशीलता जास्त, ठेक्यावर अगदी कमी. ठेक्यावर उरलेली मोठी टिकटिक स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या वेळ-वारंवारता चित्रावर) एकेक निवडून हाताने. तिथे टिकटिक उभी, सरळ, वरपासून खालपर्यंत रेघ दिसते. 'ना'ची रेघ खाली सुराच्या आडव्या पट्ट्यांना जाऊन मिळते. डोळा बसला की फरक ओळखू येतो. घुंगरू असलेल्या क्र. ११ला आपोआप डीक्लिक अजिबात लावलं नाही.

२ एप्रिल २०२५ : वक्र

ईपीला आरआयएए: ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. यात शंका नाही. ७८ला एकच वक्र नाही. जुन्या तबकड्यांना २५० हर्ट्‌झच्या आसपास टर्नओव्हर (जिच्याखाली सूर दाबले आहेत ती वारंवारता) आणि त्यावर सपाट. पन्नाशीच्या उत्तरार्धातल्यांना ब्रिटिश मानकाचा रुंद खाचेचा वक्र (३१८०, ४५० आणि ५० मायक्रोसेकंद) बरा बसतो. ७८वर सरसकट आरआयएए लावला की वरचे सूर १० किलोहर्ट्‌झला जवळजवळ १४ डीबीने खाली जातात. खरखर कमी झाल्याचं समाधान मिळतं, पण गाणं गोधडीखाली गेलेलं असतं. आंतरजालावर फिरणाऱ्या कित्येक प्रतींचं हेच झालं आहे.

१५ एप्रिल २०२५ : दोन प्रतींचं एक गाणं

क्र. २च्या तीन प्रती आहेत, तिन्ही एकाच मॅट्रिक्सच्या. एकीला सुरुवातीला चरा, दुसरीचा शेवट झिजलेला. प्रती एकमेकींवर रचून बेरीज करण्याचा प्रयोग करू नये. दोन फेऱ्यांच्या वेगात सूक्ष्म फरक असतोच, आणि बेरजेत वरचे सूर खालीवर कापले जाऊन बोगद्यातून आल्यासारखा आवाज होतो. बेरीज नाही, बदली करायची. सगळ्यात चांगली प्रत मुख्य, आणि चऱ्याच्या जागी दुसऱ्या प्रतीतला अर्धा-पाऊण सेकंदाचा तुकडा, पातळी आणि खरखरीचा पोत जुळवून. जोड शक्यतो तबल्याच्या आघातावर, सुराच्या मध्ये नाही. श्वासावर जोड देऊ नये, कान तिथे मोकळा असतो.

२९ एप्रिल २०२५ : सळसळ किती काढायची

तबकडीच्या सुरुवातीच्या कोऱ्या खाचेतून नमुना घेऊन सगळ्या गाण्याला लावतात. ७८ला ते चुकतं. बाहेर १२० मिलिमीटर त्रिज्येवर खाच सेकंदाला ९८ सेंटिमीटर पळते, आत ५० मिलिमीटरवर फक्त ४१. सळसळीचा रंग गाण्यागणिक नाही, मिनिटागणिक बदलतो. दोन नमुने घेतले, एक सुरुवातीचा, एक शेवटचा, आणि गाणं पुढे जाईल तसा एकातून दुसऱ्यात हळूहळू गेलो.

प्रमाण: ३ ते ५ डीबी. बस. त्यापुढे गेलं की पहिलं मरण दंत्य 'च', 'ज', 'झ'चं. या व्यंजनांचा मुख्य भाग म्हणजे ५ ते ८ किलोहर्ट्‌झमधला छोटासा फवारा, आणि तो सळसळीसारखाच दिसतो. १० डीबीवर क्र. ९मधलं 'चांदणं' स्पष्ट 'तांदणं' झालं. ५वर 'च' परत आला. ज्या भावगीतात शब्द ऐकायचे, तिथे हाच मापदंड पुरेसा आहे. त्याच्यामागून तंबोऱ्याची जवारी (तारेची झणझण) जाते, मग ओळीआधीचा श्वास.

५ किलोहर्ट्‌झच्या वरचं सरळ कापून टाकण्याची जुनी पद्धतही करून पाहिली. सळसळ गेली, बासरीची फुंकही गेली. रद्द.

१४ मे २०२५ : आवाज सुटे करणं

डेमक्ससारखी मॉडेलं गाण्याचे चार भाग करतात: गायन, ड्रम, बास आणि बाकीचं. शिकवली गेली ती मुख्यतः पाश्चात्त्य पॉपवर, आणि आपल्या साथीवर ते लगेच दिसतं. डग्ग्याची घसरण 'बास'मध्ये जाते. चाटेचा आघात 'ड्रम'मध्ये. दायाँचा (उजव्या हाताच्या तबल्याचा) लांब घुमणारा सूर कधी 'बाकीचं'त, कधी चक्क 'गायना'त. म्हणजे एक तबलजी तीन खोल्यांत वाटला जातो. पेटी गायकाच्या मागोमाग तीच जागा घेते तेव्हा अर्धी 'गायना'त अडकते. व्हायोलिनने मिंड घेतली की यंत्राला वाटतं कुणीतरी गातंय.

त्यामुळे सुटे भाग घेऊन नवं मिश्रण उभं करणं बाद. पण एक मर्यादित उपयोग आहे. क्र. ५ आणि क्र. १२मध्ये गायक माइकपासून दूर आहे आणि व्हायोलिनं त्याच्यावर चढतात. इथे मूळ मोनो जसंच्या तसं ठेवलं आणि सुटं केलेलं 'गायन' त्यात उणे १२ डीबीवर मिळवलं. गणित सोपं: गायन सुमारे २ डीबीने वर येतं, आणि सुटं करताना आलेला पाणचट गुळगुळाट मूळ आवाजाखाली झाकला जातो. उणे १५वर मिळवलं तर वाढ १.४ डीबी. क्र. १२ला तेवढंच पुरलं.

काळजी एकाच गोष्टीची. मॉडेल ४४.१ किलोहर्ट्‌झवर चालतं, आपलं मूळ ९६वर. जाऊन-येऊन काही नमुन्यांचा उशीर झाला तर मिळवताना वरचे सूर कापले जातात. म्हणून चारही भागांची बेरीज मूळातून वजा करून बघायची. फरक जवळजवळ शांत निघाला तरच पुढे जायचं. आणि हे काम सळसळ काढल्यानंतर करायचं. खरखरीच्या फाइलवर मॉडेल खरखरीचेच चार वाटे करतं.

२३ मे २०२५ : स्टिरिओची मागणी

'स्टिरिओ करा' अशी विचारणा आली आहे. नकार नोंदवून ठेवतो, कारणासह.

बीच बॉइजच्या १९६६च्या 'पेट साउंड्‌स'चं मूळ मोनो आहे. त्याचं स्टिरिओ १९९७मध्ये निघालं ते मल्टिट्रॅक टेपा शाबूत होत्या म्हणून. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चं २०२२चं रीमिक्स यंत्राने आवाज सुटे करून झालं, पण तिथेही हाताशी चार ट्रॅकच्या मूळ टेपा होत्या. एका ट्रॅकवर एकत्र असलेली दोन-तीन वाद्यं सुटी करायची होती, अख्खं गाणं नाही. आपल्याकडे सगळा वाद्यमेळ एकाच ट्रॅकवर आहे आणि त्यावर खाचेची खरखर. डावीकडे तबला, उजवीकडे व्हायोलिन अशी मांडणी केली की वरच्या नोंदीतली तीन खोल्यांतली वाटणी उघडी पडते. डग्गा मध्ये, चाट डावीकडे, दायाँचा सूर गायकाच्या तोंडातून. साठच्या दशकात कॅपिटल कंपनीने डुओफोनिक नावाने एका कानात खालचे सूर आणि दुसऱ्यात वरचे पाठवून मोनोचं खोटं स्टिरिओ केलं होतं. ते आज कुणाला ऐकवत नाही.

११ जून २०२५

पाऊस सुरू. तबकड्यांचं नवं काम बंद. टेपा सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात, खोलीत डीह्युमिडिफायर. धुतलेली ७८ या हवेत वाळायला फार वेळ घेते आणि पाकिटात ओल राहिली की बुरशी परत येते. आता सप्टेंबरअखेरीपर्यंत फक्त संगणकावरचं काम.

२५ जून २०२५ : रंग आणि जोर

वक्र बरोबर लागला असेल तर इक्वलायझरला फारसं काम उरत नाही. बहुतेक गाण्यांत ४० हर्ट्‌झखाली कापणं (तबकडीची घरघर), ३०० ते ४००च्या आसपास एक-दीड डीबी कमी (माइक आणि खोलीचा डबडबीतपणा), आणि कुठे कुठे ३ किलोहर्ट्‌झला एक डीबी वर. यापेक्षा जास्त लागतंय असं वाटलं तर मागे जाऊन सुई आणि वक्र पुन्हा बघायचे.

लिमिटर (टोकं अडवणारं साधन) फक्त तबल्याच्या एक-दोन डीबींच्या टोकांपुरता. कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं साधन) नाही. गायकाने मुखड्याला आवाज सोडला आहे आणि अंतऱ्यात आत घेतला आहे. तो उतार-चढाव माइकपुढे त्याने स्वतः ठरवलेला आहे.

३ जुलै २०२५ : पातळी

लक्ष्य उणे १६ एलयूएफएसच्या (सरासरी जोराचं माप) आसपास, खरं शिखर उणे १ डीबी. स्पॉटिफाय उणे १४ला आणतं, ॲपल उणे १६ला, त्यामुळे याहून जोरात करून मिळायचं काही नाही.

मोनोचा सापळा: एका वाहिनीची फाइल मीटरवर ३ एलयू (एक एलयू म्हणजे एक डीबी) कमी दिसते. तीच दोन्ही वाहिन्यांत ठेवली की ३ने वर. काही सॉफ्टवेअरं मोनोला आपोआप दोन वाहिन्या धरतात, काही नाही. मोजायची ती शेवटची, दोन वाहिन्यांची फाइलच.

गाण्यागाण्यांतला समतोल मात्र मीटरवर सोडलेला नाही. क्र. ११मध्ये घुंगरू सतत वाजतात, मीटरला ते गाणं जोरात वाटतं आणि तो गायकाला खाली नेतो. हातातली सगळी गाणी गायनाची पातळी कानाने जुळवून लावली. मीटरच्या आकड्यांत दोन एलयूपर्यंतचा फरक राहिला आहे, तो मुद्दाम.

१८ जुलै २०२५ : साठवण

प्रत्येक गाण्याच्या तीन फाइली: सपाट कच्ची नोंदणी (दोन्ही भिंती, काहीही न लावलेली), दुरुस्त केलेली २४/९६, आणि वितरणाची. कच्च्या फाइलीला मिनिटाला साधारण ३५ एमबी लागतात. एका गाण्याला १००-१२०. जागा वाचवण्यासाठी ती पुसायची नाही. उद्या चांगलं डीक्लिक आलं तर काम तिथूनच सुरू होईल. प्रत्येक फाइलीचा चेकसम (फाइल बिघडली का हे सांगणारा आकडा) वेगळ्या मजकूर फाइलीत, दोन ठिकाणी प्रती.

फाइलीसोबतची माहिती देवनागरीत: गायक, कवी, संगीतकार, लेबलवरचा क्रमांक, खाचेशेजारचा मॅट्रिक्स क्रमांक, वापरलेली सुई, वेग, वक्र, कुठली भिंत. क्र. ५ आणि १२ला 'गायन सुटे करून मिळवले' हा शेरा ऐकणाऱ्याला दिसेल अशा जागी, कच्च्या माहितीत लपवून नाही.

शिल्लक: क्र. ६ आणि क्र. १४ची चांगली प्रत अजून मिळायची आहे, दोन्ही बुरशीच्या खणात आहेत. तीन गाण्यांच्या कवींच्या वारसांची परवानगी बाकी. बाकीची अकरा गाणी वितरणाला तयार.